घरगुती संभाषणाचा अभ्यास पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी: संमतीपत्रापासून विश्लेषणापर्यंत

पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षी मी प्रबंधिकेसाठी ‘घरगुती बोलण्यात नकार कसा दिला जातो’ हा विषय घेतला आणि पहिले दोन महिने वहीवर विसंबून काढले. मावशीच्या घरी बसायचे, कोण काय बोलले ते कान देऊन ऐकायचे आणि घरी येऊन टिपून ठेवायचे, असा माझा क्रम होता. एका नोंदीत मी लिहिले होते: ‘शेजारच्या वहिनींनी रविवारी जमणार नाही असे सांगितले.’ पुढे संमती घेऊन ध्वनिमुद्रण सुरू केले, तेव्हा तशाच एका प्रसंगाची फाइल हाती आली. ती पुन्हा पुन्हा ऐकूनही ‘जमणार नाही’ हे शब्द मला कुठेच सापडले नाहीत. नकार मात्र स्पष्ट दिला गेला होता आणि समोरच्या बाईला तो बरोबर पोहोचलाही होता. वहीतल्या सगळ्या नोंदी मी त्या दिवशी बाजूला ठेवल्या, कारण त्या नोंदींत मला जे कळले ते लिहिलेले होते. जे ऐकू आले ते नव्हते.

मानसशास्त्र, भाषाशास्त्र, समाजशास्त्र किंवा समाजकार्य या विषयांत प्रकल्प करणाऱ्या आणि पहिल्यांदाच खऱ्या बोलण्याकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांना असे दोन महिने वाया घालवावे लागू नयेत, म्हणून हा लेख लिहीत आहे. खरे बोलणे मुद्रित करून, ते बारकाईने उतरवून अभ्यासण्याच्या या पद्धतीला संभाषण विश्लेषण म्हणतात. तिचा पाया अमेरिकेत १९६० च्या दशकात हार्वे सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन यांनी घातला. लॉस एंजेलिसमधील आत्महत्या प्रतिबंध केंद्रात येणाऱ्या दूरध्वनींच्या ध्वनिफिती सॅक्स ऐकत होते. केंद्रातील माणसाने आधी स्वतःचे नाव सांगितले की फोन करणाराही बहुधा आपले नाव सांगतो, परंतु एका माणसाने नावाच्या जागी ‘मला ऐकू येत नाही’ असे म्हटले, हे त्यांच्या लक्षात आले. ऐकू न येण्याची तक्रार ही नाव न सांगण्याची सोयही असू शकते, ही शंका फीत पुन्हा ऐकता आली म्हणूनच त्यांना घेता आली.

हाताशी काय असावे

साधने फार लागत नाहीत. ध्वनिमुद्रणाची सोय असलेला बरा फोन किंवा छोटा रेकॉर्डर, कान पूर्ण झाकणारा हेडफोन, संगणक, आणि एलान (मुद्रणाला वेळेनुसार मजकूर जोडण्यासाठी) व प्राट (आवाज बारकाईने मोजण्यासाठी) ही दोन मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर काम भागते. एलान नेदरलँड्समधील नायमेखन येथील माक्स प्लांक मनोभाषाविज्ञान संस्थेने तयार केले आहे. प्राट हे ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पाउल बूर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांचे काम आहे आणि डच भाषेत त्या शब्दाचा अर्थच ‘बोल’ असा होतो. कागदपत्रांत मार्गदर्शकांची सही असलेला प्रकल्प आराखडा, संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी, मराठीतील माहितीपत्रक, प्रत्येक सहभागी व्यक्तीचे संमतीपत्र, अल्पवयीन मुलांसाठी पालकांचे संमतीपत्र आणि कोणती फाइल कोणत्या दिवसाची, कोण कोण हजर होते याची नोंदवही, एवढे असले पाहिजे. नोंदवहीचा कंटाळा करू नका. ‘नवीन ७’ आणि ‘नवीन ७ (२)’ या नावांच्या फाइलींपैकी दिवाळीच्या आधीची कोणती, हे ओळखण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

१. प्रश्न लहान ठेवा

‘मराठी माणसांच्या संवादाचे मानसशास्त्र’ असा विषय घेऊन कोणाचीही प्रबंधिका वेळेत पूर्ण होत नाही. प्रश्न असा असावा की त्याचे उदाहरण ध्वनिमुद्रणात बोट ठेवून दाखवता येईल. चहाला पहिल्यांदा ‘नको’ म्हटल्यानंतर यजमान पुढच्या वाक्यात काय करतात? निरोप घेताना ‘येतो’ म्हटल्यापासून दार बंद होईपर्यंत किती वेळा नवा विषय निघतो? शब्द आठवत नसताना ‘ते हे’ म्हणून बोलणारा थांबतो, तेव्हा तो शब्द कोण पुरवतो? हे प्रश्न किरकोळ वाटतात, पण त्यांना उत्तर मिळण्याजोगा पुरावा असतो.

इथला सापळा असा की, आपण उत्तर आधीच ठरवून बसतो. ‘स्त्रिया अधिक नम्र बोलतात’ असे गृहीत धरून ऐकायला बसलात, तर तेवढेच ऐकू येईल. मालिकांतील किंवा दूरचित्रवाणीवरील मुलाखतींतील संवाद सोयीचे म्हणून वापरण्याचा मोहही टाळावा. मालिकेतील संवाद लेखकाने लिहिलेले असतात आणि मुलाखतीत कोणी कधी बोलायचे हे आधीच ठरलेले असते.

२. संमती सर्वांची, आणि आधी

माहितीपत्रक साध्या मराठीत लिहा आणि ज्येष्ठांना ते स्वतः वाचून दाखवा. काय मुद्रित होणार, कोण ऐकणार, नावे कशी बदलणार, फाइल कुठे आणि कधीपर्यंत राहणार, आणि मध्येच नको वाटले तर काय करायचे, या पाच गोष्टी त्यात असल्याच पाहिजेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. त्यामुळे अकरावीतला मुलगा ‘चालेल की’ म्हणाला तरी पालकांच्या सहीवाचून पुढे जाऊ नका.

आपल्याकडील घरांत एक अडचण हमखास येते. दार उघडे असते आणि माणसे न विचारता आत येतात. माझ्या तिसऱ्या ध्वनिमुद्रणात इस्त्रीचे कपडे द्यायला आलेले गृहस्थ पाच मिनिटे गप्पा मारून गेले, आणि त्यांची संमती घेतलेलीच नव्हती. तो भाग मला पुसावा लागला आणि नेमके त्याच भागात चांगले उदाहरण होते. तेव्हापासून दोनचार कोरी संमतीपत्रे जवळ ठेवून दाराशी ‘आत ध्वनिमुद्रण चालू आहे’ अशी ठळक चिठ्ठी लावण्याची सवय मी लावून घेतली. चोरून मुद्रण करून नंतर परवानगी मागणे हा मार्ग मात्र नाहीच. तसे केल्यास अभ्यास तर अडतोच, शिवाय त्या घराचे दारही कायमचे बंद होते.

३. ध्वनिमुद्रण

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन मुद्रण तुटते. मुद्रण वेव्ह स्वरूपात, ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिटवर करा. एका वाहिनीवर त्याला मिनिटाला साधारण ५ एमबी, म्हणजे तासाला सुमारे ३२० एमबी जागा लागते. जागा वाचवण्यासाठी आकुंचित स्वरूप निवडू नये, कारण हळू आवाजातला हुंकार आणि श्वास ऐकण्यासाठीच आपण हा खटाटोप करत असतो. फोन चार घड्या घातलेल्या टॉवेलवर ठेवा. टेबलावर तसाच ठेवला तर प्रत्येक कपबशी कानात आदळते. पंखा एका क्रमांकाने कमी करण्याची विनंती करा. मिक्सर आणि कुकरच्या शिट्टीला इलाज नाही, पण शिट्टीच्या वेळी माणसे वाक्य कुठे थांबवतात आणि शिट्टी संपल्यावर ते नेमके कुठून उचलतात, हे ऐकण्यासारखे असते.

मुद्रण चालू आहे हे माहीत असताना माणसे जशी बोलतात, तशीच ती एरवीही बोलतात का, हा प्रश्न तुम्हाला मौखिक परीक्षेत नक्की विचारला जाईल. भाषाशास्त्रज्ञ विल्यम लबॉव्ह यांनी १९७० च्या सुमारास या पेचाला निरीक्षकाचा विरोधाभास असे नाव दिले: कोणी पाहत नसताना लोक कसे बोलतात हे आपल्याला पाहायचे असते. माझा अनुभव असा की, पहिली दहा मिनिटे लोक प्रमाण मराठी बोलण्याचा प्रयत्न करतात, मग भाजीचा किंवा पाण्याच्या टँकरचा विषय निघतो आणि रेकॉर्डर विसरला जातो. तरीही सुरुवातीची मिनिटे फेकून देऊ नयेत. ‘अगं हळू, हे चालू आहे’ अशी वाक्ये तशीच ठेवून त्यांची वेगळी नोंद करावी.

चित्रमुद्रणाची परवानगी मिळाली तर घ्यावी. ऐकणारा आपल्याकडे पाहत नाही असे दिसले की बोलणारा वाक्य अर्धवट सोडून पुन्हा सुरू करतो, हे चार्ल्स गुडविन यांनी चित्रफितींच्या आधारे दाखवून दिले आहे. नुसत्या आवाजावरून अशी वाक्ये चुकलेली वाटतात. माझ्याकडे फक्त आवाज होता, म्हणून मान डोलावण्याबद्दल आणि नजरेबद्दल मी एकही विधान केले नाही. तुम्हीही पुराव्याच्या पलीकडे जाऊ नका.

४. आधी नुसते ऐका

मुद्रण झाल्यावर लगेच टंकन सुरू करू नका. संपूर्ण फाइल एकदा ऐका आणि दर दोनतीन मिनिटांना काय चालले आहे याची एका ओळीची अनुक्रमणिका करा. तुमच्या प्रश्नाशी जुळणाऱ्या जागांपुढे वेळ लिहून ठेवा. तासाभराच्या मुद्रणातील पाचसहा मिनिटेच बारकाईने उतरवावी लागतात. सुरुवातीला मला एका मिनिटाच्या बोलण्याला जवळजवळ एक तास लागत होता, त्यामुळे सगळेच उतरवू म्हणणाऱ्याचा उत्साह पहिल्या आठवड्यातच मावळतो.

५. प्रतिलेखन

वर्तमानपत्री भाषेत ज्याला ‘शब्दांकन’ म्हणतात, त्याच्या नेमके उलट काम इथे करायचे आहे. शब्दांकन करणारा अडखळणे गाळतो, अर्धी वाक्ये पूर्ण करतो आणि पुनरुक्ती काढून टाकतो. आपण ते सगळे जपायचे आहे. आवाजावरून आपोआप मजकूर करून देणाऱ्या सेवा याच कारणासाठी उपयोगी पडत नाहीत: त्या बहुधा ‘अं’, ‘हं’ आणि तुटलेले शब्द गाळून नीटनेटके वाक्य हाती देतात. कच्चा खर्डा म्हणूनही मी त्या वापरत नाही, कारण नीटनेटके वाक्य एकदा डोळ्यांपुढे आले की कानही तेच ऐकू लागतो.

जगभर वापरली जाणारी चिन्हपद्धती जेफरसन यांनी विकसित केली आहे. दोघे एकाच वेळी बोलू लागले तर चौकोनी कंस, मोजलेली शांतता सेकंदाच्या दशांशात गोल कंसात, जेमतेम जाणवणारा थांबा म्हणजे कंसातील टिंब, मध्येच तोडलेल्या शब्दापुढे छोटी आडवी रेघ, आणि लांबवलेल्या स्वरापुढे विसर्गासारखी दोन टिंबे. देवनागरीतली पहिली पंचाईत इथेच होते. ‘अं’ लांबवला म्हणून त्यापुढे दोन टिंबे दिली की वाचणाऱ्याला तो विसर्ग वाटतो. मी त्याऐवजी ~ ही नागमोडी रेघ वापरली आणि पहिल्या पानावर तसे नमूद केले. दुसरी पंचाईत ओळी जुळवण्याची. देवनागरी अक्षरांची रुंदी सारखी नसल्यामुळे एकाच वेळी बोललेले शब्द एकाखाली एक येत नाहीत. एलानमध्ये प्रत्येक व्यक्तीसाठी वेगळी पट्टी ठेवली की हा प्रश्न सुटतो, आणि छापताना सारणी वापरावी.

शब्द जसे उच्चारले तसेच लिहा. बोलणारी ‘म्हणलं’ म्हणाली असेल, तर ‘म्हटले’ लिहून तिचे मराठी सुधारण्याचा अधिकार आपल्याला नाही. मात्र प्रत्येक उच्चार ध्वनिचिन्हांत उतरवण्याच्या मागेही लागू नका; वाचताना दमछाक होते आणि हाती फारसे काही लागत नाही. हुंकारांच्या बाबतीत मात्र हात आखडता घेऊ नये. ‘हं’, ‘हां’, ‘हूं’, नकाराचा ‘अंहं’ आणि हळहळीचा ‘च्च’ या पाच वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या प्रतीत मी पाचही ठिकाणी ‘हो’ लिहून मोकळी झाले होते, आणि मार्गदर्शकांनी ती प्रत एका वाक्याचीही चर्चा न करता परत केली.

आता सुरुवातीला सांगितलेला तो प्रसंग पाहा. मावशी वहिनींना हळदीकुंकवाला बोलावते आहे.

१ मावशी: मग रविवारी येतेयस ना?
२ (०.७)
३ वहिनी: अं~~ रविवारी- (.) नाही बघते ना मी काकू. ह्यांचं काय ते~~
४ मावशी: हं बरं [सोमवारी आलीस तरी
५ वहिनी: [नाही (.) येणार म्हणजे येणारच मी
६ मावशी: चालेल गं.

पाचव्या ओळीतला कंसातील टिंब पहिल्या प्रतीत माझ्याकडून सुटला होता. तो नसला की ‘नाही येणार’ असे वाचले जाते आणि ओळीचा अर्थ उलटा होतो. डोळ्यांना न दिसणारा तो थांबा वहिनींनी मात्र अचूक घेतला होता.

६. एक जागा निवडा आणि ओळीने पुढे जा

आता या सहा ओळी हातात आहेत असे समजून विश्लेषण कसे करायचे ते सांगते. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे बोलणे इथेच, आत्ताच का आले?

पहिल्या ओळीतील ‘ना’ होकाराची अपेक्षा घेऊनच येतो. ‘येतेयस का?’ या प्रश्नाला दोन्ही उत्तरे मोकळी असतात, ‘येतेयस ना?’ या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे सोपे आणि ‘नाही’ म्हणणे जड असते. त्यानंतर शून्य दशांश सात सेकंदांची शांतता आहे. हा काळ किती मोठा आहे हे कळण्यासाठी थोडी पार्श्वभूमी लागेल. तान्या स्टिव्हर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दहा भाषांतील हो-नाहीच्या प्रश्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे शून्य दशांश दोन सेकंद निघाले. जपानी सर्वांत चटकन, डॅनिश सर्वांत सावकाश, पण फरक सेकंदाच्या काही दशांशांचाच होता. दुसरीकडे, चित्र पाहून एखादा शब्द उच्चारायला माणसाला साधारण शून्य दशांश सहा सेकंद लागतात. म्हणजे समोरच्याचे वाक्य संपण्याआधीच आपण ते कुठे संपणार याचा अंदाज घेऊन उत्तराची जुळवाजुळव सुरू केलेली असते. त्या दहा भाषांत एकही भारतीय भाषा नव्हती. मराठीत क्रियापद, ‘का’ आणि ‘ना’ हे सगळे वाक्याच्या अगदी शेवटी येते, तेव्हा ऐकणारा अंदाज नेमका कशावरून बांधतो, हा एखाद्या प्रकल्पाला पुरेल असा प्रश्न आहे.

वहिनींकडे उत्तर ‘हो’ असते तर ते शून्य दशांश सात सेकंद थांबले नसते. निमंत्रण स्वीकारणारी उत्तरे चटकन आणि थोडक्यात येतात. नाकारणारी उशिरा येतात, ‘अं’ने सुरू होतात, कारण पुढे करतात आणि पुष्कळदा अपुरीच राहतात. तिसऱ्या ओळीत हे सगळे ओळीने आले आहे. तिथल्या ‘नाही बघते ना मी’मधील ‘नाही’ हा शब्दार्थाने नकार नाहीच, बोलणे आपल्या हातात घेण्यासाठी आपण जो ‘नाही’ वापरतो तो आहे. मराठी न येणाऱ्या संशोधकाला तो हमखास फसवेल. ‘ह्यांचं’ म्हणजे नवऱ्याचे, हे नाव न घेताही दोघींना ठाऊक आहे, आणि ‘काय ते’ पुढचे वाक्य पूर्ण करण्याची गरजच पडलेली नाही. कारण सांगितले गेलेले नाही, कारण आहे एवढेच सांगितले गेले आहे.

आणि मग चौथी ओळ. मावशी ‘का गं?’ म्हणत नाही, ‘म्हणजे येणार नाहीस का?’ असेही विचारत नाही. ती सरळ सोमवार पुढे करते. वहिनींचे बोलणे नकार होता, याचा पुरावा माझ्या अंदाजात नसून मावशीच्या या वाक्यात आहे. संभाषण विश्लेषणातील सर्वांत उपयोगी सवय हीच आहे: एखाद्या वाक्याचा अर्थ काय, हे ठरवण्यासाठी पुढच्या माणसाने त्याचे काय केले ते पाहावे.

पाळीबदलाची, म्हणजे बोलण्याची पाळी एकाकडून दुसऱ्याकडे कशी जाते याची, सगळी व्यवस्था सॅक्स, शेग्लॉफ आणि जेफरसन यांनी १९७४ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकातील लेखात मांडली. तो लेख कठीण आहे. एखादी स्वतःची फाइल उतरवून झाल्यावर वाचलात तर निम्मा सोपा होतो. आधी वाचलात तर माझ्यासारखे दहाव्या पानावर अडकाल.

७. संबोधनांकडे वेगळे लक्ष द्या

मराठी बोलण्यात दोन माणसांमधील अंतर जवळजवळ प्रत्येक वाक्यात उमटते, कारण ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांतून एक निवडल्याशिवाय क्रियापदच वापरता येत नाही. वरच्या उताऱ्यात मावशी ‘येतेयस’ आणि ‘गं’ म्हणते, वहिनी ‘काकू’ म्हणतात. जुन्या वळणाच्या घरांत नवरा ‘अगं’ म्हणतो आणि बायको ‘अहो’. असे एकतर्फी संबोधन सत्तेचे असते आणि दोन्ही बाजूंनी सारखे असलेले संबोधन जवळिकीचे किंवा दुराव्याचे, असे मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन आणि अल्बर्ट गिलमन यांनी १९६० साली युरोपीय भाषांवरून मांडले होते. ते मराठीला बरेचसे लागू पडते, पण पुरते नाही. आपल्याकडे आईला ‘तू’ आणि वडिलांना ‘तुम्ही’ म्हणणारी घरे आहेत, आणि त्यांत आईबद्दलचा आदर कमी आहे असे कोणी म्हणणार नाही.

‘आपण’कडे तर डोळ्यांत तेल घालून पाहावे. ऐकणाऱ्याला धरून आम्ही, आदरार्थी तुम्ही आणि स्वतः, असे तीन अर्थ एकाच शब्दात आहेत. कार्यालयातील वरिष्ठ ‘आपण हे आज संपवूया’ म्हणतात, तेव्हा काम कोणी संपवायचे हे सर्वांना माहीत असते. पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी आपल्या सभ्यतेच्या सिद्धान्तात या युक्तीचा समावेश केला आहे. त्यांच्या सामग्रीत इंग्रजी आणि मेक्सिकोतील त्सेल्तालबरोबर तमिळही होती, त्यामुळे उदाहरणे वाचताना फारसे परके वाटत नाही.

८. उदाहरणे जमवा, आणि न बसणारे उदाहरण जपा

एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नये. एकाच प्रकारच्या जागा वेगवेगळ्या घरांतून गोळा कराव्यात. माझ्याकडे पाच घरांतील ३४ नकार जमले. त्यांपैकी ३१ ठिकाणी उशीर, ‘अं’ किंवा कारण होते. उरलेल्या तीन ठिकाणी सरळ, तत्काळ ‘नको’ आले होते, आणि ती तीन उदाहरणे अपवाद म्हणून तळटीपेत टाकण्याची माझी तयारी झाली होती.

तसे करू नका. शेग्लॉफ यांनी १९६८ साली दूरध्वनी संभाषणांच्या सुरुवातीवर लेख लिहिला, तेव्हा त्यांच्याकडे सुमारे ५०० संभाषणे होती आणि त्यांतले केवळ एक त्यांच्या नियमात बसत नव्हते. त्या एकासाठी त्यांनी नियमच नव्याने मांडला: फोनची घंटा ही हाक आहे आणि ‘हॅलो’ हे त्या हाकेला दिलेले उत्तर आहे. माझी तीन उदाहरणे पुन्हा ऐकली, तेव्हा तिन्ही ठिकाणी ताटात आणखी वाढण्याचा आग्रह चालू होता असे दिसले. जेवताना पहिल्या आग्रहाला आलेला झटपट ‘नको’ हा नकार म्हणून घेतलाच जात नाही. वाढणारी पुढे सरकतेच. खरा नकार ताटावर आडवा हात धरून आणि ‘खरंच नको हं’ म्हणून दिला जातो, आणि त्याच्याआधी पुन्हा तोच थांबा येतो. आडव्या हाताचे मला नुसत्या आवाजावरून कळले नसते. त्या तिन्ही पंगतींना मी स्वतः हजर होते आणि नोंदवहीत तसे लिहिले होते, एवढ्यावरच ते वाक्य प्रबंधिकेत राहू शकले.

९. मनातले सांगू नका

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हा टप्पा सर्वांत अवघड असतो, कारण ‘वहिनींना संकोच वाटला’ असे लिहायला हात शिवशिवतो. संकोच वाटला असेलही, पण मुद्रणात संकोच नसतो. शून्य दशांश सात सेकंद असतात. मनाविषयी विधान करायचेच असेल, तर त्यासाठी वेगळा पुरावा आणा. हर्बर्ट क्लार्क आणि डिॲना विल्क्स-गिब्स यांचा १९८६ चा प्रयोग त्यासाठी अनुकरणीय आहे. त्यात दोन माणसांमध्ये पडदा असतो, दोघांकडे १२ विचित्र आकृत्यांची कार्डे असतात, आणि एकाने वर्णन करायचे व दुसऱ्याने त्याच क्रमाने मांडायची, असे सहा वेळा करायचे असते. पहिल्या फेरीतले लांबलचक वर्णन शेवटच्या फेरीपर्यंत दोनचार शब्दांवर येते, कारण तोपर्यंत त्या आकृतीला दोघांनी मिळून नाव ठेवलेले असते. घरात मुद्रणाची परवानगी मिळत नसेल, तर हाच प्रयोग मराठीत करून पाहता येईल. पुठ्ठा, कात्री आणि दोन मैत्रिणी पुरतात.

१०. चौघांसमोर ठेवा, मग दिलेला शब्द पाळा

विश्लेषण लिहिण्यापूर्वी तीनचार सहाध्यायांबरोबर बैठक घ्या. एक मिनिटाचा तुकडा पाचसहा वेळा ऐकवा, प्रत्येकाला प्रतिलेखनाची प्रत द्या आणि स्वतः गप्प बसा. विदर्भातील माझ्या एका मैत्रिणीने माझ्या प्रतीतील ‘हां’ आणि ‘हाव’ मी एकच धरले आहेत हे पहिल्याच बैठकीत दाखवून दिले.

नावे बदलताना नवे नाव तितक्याच अक्षरांचे आणि त्याच वळणाचे घ्या, नाहीतर हाक मारण्याची लय बिघडते. आडनाव बदलण्याऐवजी गाळावे हे बरे, कारण आपल्याकडे आडनावावरून गाव आणि जात दोन्ही कळतात. फाइल पुसण्याची जी तारीख संमतीपत्रात लिहिली असेल, ती दिनदर्शिकेवर आजच टाका.

आणखी एक कलम संमतीपत्रात आधीच घालून ठेवा, जे माझ्या पत्रात नव्हते. प्रबंधिका सादर झाल्यावर एका घरातून फोन आला की त्या दिवसाच्या गप्पांची एक प्रत त्यांना हवी आहे. त्या मुद्रणात सहा जणांचे आवाज होते आणि प्रत देण्याविषयी पत्रात एक अक्षरही नव्हते, त्यामुळे सहाही जणांकडे पुन्हा जाऊन नव्या सह्या घेईपर्यंत पुसण्याची तारीख चार दिवसांवर आली होती.